वॉल्डनच्या झोपडीत थोरो गेला, ते भावासोबतच्या नावेच्या प्रवासाचं पुस्तक लिहायला

हेन्री डेव्हिड थोरो म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, तळ्याकाठी स्वतःच्या हाताने बांधलेली झोपडी. दुसरं, कर भरायला नकार दिला म्हणून तुरुंगात काढलेली एक रात्र. पहिल्यातून ‘वॉल्डन’ हे पुस्तक आलं. दुसऱ्यातून सविनय कायदेभंगावरचा निबंध आला, जो पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडला. मराठी वाचकाला थोरो भेटला तो मुख्यतः दुर्गाबाई भागवतांमुळे. ‘वॉल्डन’चा मराठी अनुवाद त्यांनी केला, आणि १९७५ साली आणीबाणी लागली तेव्हा तिला उघड विरोध करून तुरुंगवासही भोगला.

पण या दोन्ही चित्रांच्या आधी थोरोच्या आयुष्यात एक नाव होती. पंधरा फुटांची, दोन शिडांची, घरी बांधलेली. त्या नावेतून तो आणि त्याचा थोरला भाऊ जॉन १८३९ साली दोन आठवड्यांच्या सफरीला गेले. वॉल्डनला तो गेला तेव्हा त्याच्यापुढे मुख्य काम होतं ते या सफरीवरचं पुस्तक लिहिण्याचं. झोपडीवरचं पुस्तक नंतर आलं. आणि नदीवरच्या पुस्तकाची घाई त्याला का झाली होती, हे समजायला आधी जॉन समजावा लागतो.

छडी न वापरणारी शाळा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येला, काँकॉर्ड नावाचं गाव आहे. तेव्हा वस्ती सुमारे दोन हजार. थोरोच्या वडिलांचा पेन्सिली बनवण्याचा धंदा होता. चार भावंडं: हेलन, जॉन, हेन्री आणि सोफिया. हेन्री १२ जुलै १८१७ चा. जॉन त्याच्याहून सुमारे दोन वर्षांनी मोठा. घरात पैसा बेताचा, त्यामुळे हार्वर्डला पाठवायचं तर एकालाच, आणि तो मान अभ्यासू हेन्रीला मिळाला. त्याच्या खर्चाला घरच्या सगळ्यांनी हातभार लावला.

१८३७ मध्ये पदवी घेऊन हेन्री गावी परतला, तेव्हा देशात मोठी आर्थिक मंदी होती. त्यातही त्याला गावच्या सरकारी शाळेत मास्तरकी मिळाली, आणि ती त्याने दोन आठवड्यांत सोडली. शाळा समितीच्या एका सदस्याने मुलांना छडी का देत नाही म्हणून टोकलं होतं. सांगतात ते असं, की हेन्रीने त्याच दिवशी हाताला लागतील त्या काही मुलांना छड्या मारल्या आणि संध्याकाळी राजीनामा दिला. मुलांवर हा अन्यायच झाला. पण माणूस कसा होता ते कळतं.

पुढच्या वर्षी त्याने स्वतःची शाळा काढली. थोड्याच दिवसांत जॉनही येऊन मिळाला आणि मुख्य मास्तर झाला. या शाळेत छडी नव्हती. आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन रानात, शेतात किंवा नदीवर जायचं, हा अभ्यासाचाच भाग होता. जॉन मोकळा आणि हसरा, पाखरांचा नाद असलेला; मुलं त्याच्याभोवती गोळा होत. हेन्री अबोल आणि जरा तुसडाच. गावात कोणाला विचारलं असतं की यातला कोणता भाऊ नाव काढेल, तर बहुतेकांनी जॉनकडे बोट दाखवलं असतं.

एका आठवड्यात बांधलेली नाव

१८३९ च्या वसंतात दोघा भावांनी मिळून नाव बांधली. काम एका आठवड्यात उरकलं. पंधरा फूट लांब आणि सर्वात रुंद जागी साडेतीन फूट, घडण कोळ्यांच्या होडीसारखी. खालचा भाग हिरवा रंगवला आणि वर निळी किनार दिली, म्हणजे एक रंग पाण्याचा आणि एक आभाळाचा. तिचं नाव ठेवलं मस्केटाक्विड. गोरे लोक येण्याआधी तिथले मूळ रहिवासी काँकॉर्ड नदीला याच नावाने ओळखत. अर्थ साधारण असा, की गवताळ कुरणांची नदी.

नाव मजबूत होती, पण जड होती, आणि घडणीतही फार सुबक नव्हती. हे थोरोने स्वतःच पुढे कबूल केलं आहे. पण तिच्यात काय काय बसवलं होतं ते पाहिलं की या दोघांनी नकाशा समोर ठेवून विचार केला होता हे लक्षात येतं.

वल्ह्यांच्या दोन जोड्या होत्या, म्हणजे दोघांना एकाच वेळी वल्हवता येईल. उथळ पाण्यात वल्ही तळाला लागतात, म्हणून नाव रेटायला काही बारीक लांब काठ्या. डोलकाठ्या दोन, आणि त्यातली एक रात्री काढून तंबूचा खांब म्हणून वापरायची. तंबू सुती कापडाचा. अंथरायला बायसनचं कातडं. आणि या सगळ्यात नवख्याला कोड्यात टाकणारी वस्तू म्हणजे चाकं. नावेला चाकं कशासाठी? तर वाटेत धबधबे होते. जिथे पाणी खडकांवरून कोसळतं तिथे नाव बाहेर काढून, चाकांवर घालून, काठाकाठाने ढकलत पुढच्या शांत पाण्यापर्यंत न्यायची.

आता मार्ग. काँकॉर्ड नदी गावातून उत्तरेकडे वाहते आणि मेरिमॅक या मोठ्या नदीला मिळते. मेरिमॅक उत्तरेकडच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेतून खाली येते. दोघांचा बेत असा: आधी काँकॉर्ड नदीतून प्रवाहाबरोबर खाली जायचं, मग मेरिमॅकमध्ये शिरून प्रवाहाच्या उलट वर चढायचं, जिथवर नाव जाईल तिथवर. तिथे नाव ठेवून पायी डोंगर गाठायचे आणि परत यायचं.

या आखणीत एक शहाणपण होतं. काँकॉर्ड नदी इतकी संथ, की पाणी कोणत्या बाजूला चाललंय हे नुसतं पाहून कळू नये. तिच्यातून जाताना फार फायदा नाही, पण परतताना फार तोटाही नाही. खरा जोर लागणार होता तो मेरिमॅकवर, आणि तिथली चढण सफरीच्या सुरुवातीला, अंगात ताकद ताजी असताना होती. थकून परतताना तीच नदी मदतीला येणार. शिवाय ऑगस्ट संपून सप्टेंबर लागताना उत्तरेचा वारा धरला, तर घराकडे येताना शिडं भरणार. साध्या शिडाच्या अशा जड नावेला वारा पाठीमागून असेल तरच खरा उपयोग, नाहीतर वल्ही आहेतच.

दोन्ही नद्यांच्या संगमाजवळच मेरिमॅकवर मोठा धबधबा होता, आणि त्याच्या पाण्यावर लॉवेलच्या कापडगिरण्या चालत. ही अडचण टाळायला त्यांना मिडलसेक्स कालवा होता. बॉस्टनपर्यंत माल नेण्यासाठी १८०३ मध्ये सुरू झालेला हा कालवा बिलेरिका या गावाजवळ काँकॉर्ड नदीला छेदून जाई आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला मेरिमॅकला मिळे. कालव्याला लॉक होते, म्हणजे पाण्याचे दरवाजे असलेले हौद. नाव हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं आणि पाणी सोडून किंवा भरून ती हव्या त्या पातळीला आणायची. मेरिमॅकवरच्या बहुतेक धबधब्यांना बगल देणारे असे छोटे कालवे तेव्हा होते, कारण मालवाहू होड्यांची ये-जा सुरू होती. चाकांवरचं ओझं त्यामुळे बरंच हलकं झालं.

शिधा म्हणाल तर घरच्या मळ्यातले बटाटे आणि कलिंगडं-खरबुजं. बाकीचं वाटेतल्या शेतकऱ्यांकडून घ्यायचं.

तयारीची ही हौस थोरोला शेवटपर्यंत राहिली. मेनच्या जंगलांवरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८६४ मध्ये आलं. त्याच्या शेवटी जंगलातल्या बारा दिवसांच्या सफरीला काय काय न्यावं याची यादीच आहे. किती पौंड पाव, किती साखर, सुया-दोरा, आणि डुकराच्या मांसाला व कोमट पाण्याला उतारा म्हणून सहा लिंबं. जगाला गरजा कमी करा असं सांगणारा हा माणूस, पण लिंबं मोजून नेणारा.

एलन

नाव बांधून झाली, पण सफर निघायला अजून उन्हाळा जायचा होता. त्या जुलैमध्ये सिच्युएट गावाहून एलन सिवॉल नावाची सतरा वर्षांची मुलगी काँकॉर्डला पाहुणी आली. तिचा धाकटा भाऊ थोरो बंधूंच्याच शाळेत शिकला. दोन आठवडे ती राहिली. दोघा भावांनी तिला रानात फिरवलं, नव्या नावेतून नदीवर नेलं. आणि दोघेही तिच्या प्रेमात पडले.

म्हणजे ३१ ऑगस्टला दोघे भाऊ एका नावेत बसले तेव्हा दोघांच्याही मनात एकच मुलगी होती. त्यावर ते एकमेकांशी काही बोलले का, याचा मागमूस पुस्तकात नाही. पुढच्या वर्षी जॉनने तिला मागणी घातली. तिने आधी होकार दिला आणि मग मागे घेतला. काही महिन्यांनी हेन्रीने पत्रातून विचारलं. वडिलांच्या सांगण्यावरून तिने त्यालाही नकार कळवला. पुढे तिने एका धर्मोपदेशकाशी लग्न केलं. हेन्री जन्मभर अविवाहित राहिला.

नदीवर

३१ ऑगस्ट १८३९, शनिवार. नदी घरापासून अर्ध्या मैलावर होती, म्हणून आदल्या संध्याकाळी दारातच नावेत सामान भरून ठेवलं होतं. सकाळी पाऊस भुरभुरत होता. निघायला उशीर होणार असं वाटत असतानाच दुपारी आभाळ उघडलं. थोडं पुढे, काठावरच्या उंचवट्यावर गावातले काही मित्र निरोप द्यायला उभे होते.

त्या दिवशी सात मैल झाले. बिलेरिकाजवळ एका उंचवट्यावर तंबू ठोकला, काठावरच्या झुडपांवरची रानफळं तोडली, नदीच्याच पाण्यात कोको उकळला आणि पाव-साखरेबरोबर घेतला. पहिली रात्र अशी गेली.

बिलेरिकालाच एक धरण होतं. कालव्याला पाणी मिळावं म्हणून नदी तिथे अडवली होती. त्यामुळे समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या शॅड आणि अलवाइफ माशांची वाट बंद झाली, आणि वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांची कुरणं पाण्याखाली राहू लागली. थोरोने पुस्तकात या माशांची बाजू अशी घेतली आहे की जणू ते गावचे हक्क बुडालेले रहिवासी आहेत. धरणाला एखादी पहार लावून पाहिली तर, असा विचारही त्याने बोलून दाखवला. यातला विरोधाभास असा, की याच धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या कालव्यातून दुसऱ्या दिवशी त्याची नाव पुढे जाणार होती.

रविवारी कालव्याचे सहा मैल त्यांनी तासाभराहून थोड्या अधिक वेळात पार केले. एकाने काठावरून दोर धरून पळायचं, दुसऱ्याने नावेत राहून काठीने ती काठापासून दूर ठेवायची. रविवारी, चर्चच्या वेळेला, असा धंदा करणारे हे दोन तरुण पाहून पुलावरचे लोक टक लावून बघत होते. शेवटच्या लॉकवर रखवालदार पुस्तक वाचत बसला होता. रविवारी दार उघडणं त्याच्यावर बहुधा बंधनकारक नव्हतं, तरी तो निमूट उठला आणि त्याने नाव पलीकडे सोडली. दुपारच्या सुमारास ते मेरिमॅकच्या मोठ्या पात्रात होते.

पुढचे दिवस प्रवाहाविरुद्ध वल्हवण्याचे. टिंग्सबरो, नॅशुआ, बेडफर्ड, मग अमॉस्केग धबधब्याजवळ वाढत चाललेलं मँचेस्टर. विटा आणि लाकूड वाहणाऱ्या मोठ्या होड्या भेटत, त्यांच्यावरच्या माणसांशी दोन शब्द होत. ही होड्यांची दुनिया तेव्हाच उतरणीला लागली होती. रेल्वे नॅशुआपर्यंत पोचली होती, आणि पुढच्या पंधरा वर्षांत कालव्याचा धंदाच बसला. दोघे भाऊ नेमके त्या शेवटच्या काळात तिथून गेले.

हुकसेटला पोचल्यावर नाव ठेवली. तिथून न्यू हॅम्पशायरमधल्या काँकॉर्डला, म्हणजे आपल्याच गावाच्या नावाच्या दुसऱ्या गावाला, आणि पुढे डोंगरांत. १० सप्टेंबरला ते माउंट वॉशिंग्टनवर चढले. सुमारे १,९१७ मीटर उंचीचं हे त्या सगळ्या प्रदेशातलं सर्वात उंच शिखर. आणि गंमत म्हणजे पुस्तकात या शिखराचा उल्लेख जाता जाता येतो. डोंगरातला आठवडा थोरोने जवळजवळ गाळूनच टाकला आहे. त्याला नदीचं पुस्तक लिहायचं होतं.

१२ तारखेला ते नावेकडे परतले. त्या रात्री तंबूत झोपले असताना वारा बदलला. झोपताना उन्हाळा होता आणि उठले तेव्हा पानगळीचा ऋतू लागला होता, असं त्याला जाणवलं. आखणीत धरलेला उत्तरेचा वारा आला होता. शुक्रवारी, १३ सप्टेंबरला, पाठीवर वारा आणि खाली प्रवाह घेऊन त्यांनी शिडं उभारली. मेरिमॅकवरून खाली, कालव्यातून आणि मग घरच्या संथ नदीतून वर. शीड आणि वल्ही मिळून एका दिवसात सुमारे पन्नास मैल, म्हणजे ऐंशी किलोमीटर. उशिरा संध्याकाळी नाव गावच्या काठाच्या लव्हाळ्यांत घुसली. रानसफरचंदाच्या ज्या झाडाला ती वसंतात बांधलेली असे, त्याच्या बुंध्यावर साखळीने पडलेला व्रण अजून दिसत होता. तिथेच ती पुन्हा बांधली.

सात डॉलर

सफरीनंतर दीड वर्षाने, १८४१ च्या वसंतात, शाळा बंद पडली. जॉनची तब्येत साथ देत नव्हती. त्या घराला क्षयाने ग्रासलं होतं. हेन्री राल्फ वॉल्डो इमर्सन यांच्या घरी राहायला गेला, बागकाम आणि सुतारकाम करून.

१ जानेवारी १८४२ रोजी वस्तऱ्याला धार लावताना जॉनच्या बोटाला बारीकशी जखम झाली. कोणी लक्ष दिलं नाही. आठवडाभरात जबडा आखडू लागला. धनुर्वात. तेव्हा त्यावर काहीच उपाय नव्हता. ११ जानेवारीला जॉन हेन्रीच्या हातांतच गेला. वय सव्वीस.

हेन्री रडला नाही, बोलला नाही, नुसता बसून राहिला. आणि काही दिवसांनी त्याच्याही अंगात धनुर्वाताची लक्षणं दिसू लागली. तोच आखडलेला जबडा, तेच झटके. त्याला कुठेही जखम झालेली नव्हती. घरच्यांना वाटलं दुसराही चालला. मग लक्षणं आपोआप ओसरली. भावाचा मृत्यू त्याच्या शरीराने अक्षरशः स्वतःवर घेतला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस इमर्सन यांचा पाच वर्षांचा मुलगा स्कार्लेट फीवरने गेला. रोज डायरी लिहिणाऱ्या हेन्रीने महिन्याहून अधिक काळ एक ओळ लिहिली नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न लग्न करून काँकॉर्डला राहायला आले. ३१ ऑगस्टला त्यांनी हेन्रीला जेवायला बोलावलं. जेवणानंतर नदीकाठी फेरफटका झाला, आणि हेन्रीने आपली नाव विकायची असल्याचं सांगितलं. त्याला पैशांची गरज होती. सौदा सात डॉलरला ठरला. तारीख पुन्हा पाहा: सफर निघाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. हेन्रीच्या हे लक्षात नसेल असं मानणं कठीण आहे. तो तारखा विसरणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाव पोचवायला तो स्वतः आला आणि हॉथॉर्न यांना ती चालवायला शिकवू लागला. नावेला कुठे न्यायचं ते नुसतं मनात आणायचं, ती आपोआप तिकडे वळते, असा त्याचा सल्ला. हॉथॉर्न यांनी डायरीत नोंदवलं आहे की त्याच्या हाती ती तशी वळतही असे, पण आपल्या हाती ती हवी ती दिशा सोडून बाकी सगळ्या दिशांना गेली. त्यांनी तिचं नाव बदलून ‘पाँड लिली’ ठेवलं. पुढे ती हेन्रीचा मित्र एलरी चॅनिंग याच्याकडे गेली.

७०६ प्रती

नाव गेली, पण सफरीची टिपणं होती. हेन्री ती एका वहीत जमवत गेला. लिहायला निवांत जागा हवी होती. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डन तळ्याकाठी, इमर्सन यांच्या जमिनीवर बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. झोपडी दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. लांबी नावेएवढीच. दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस तो तिथे होता, आणि एवढ्यात त्याने नदीच्या पुस्तकाचे दोन खर्डे पूर्ण केले. तुरुंगातली ती रात्रही याच काळातली, जुलै १८४६ ची. गुलामगिरी आणि मेक्सिकोवरचं युद्ध चालवणाऱ्या सरकारला डोईपट्टी देणार नाही, हे त्याचं कारण.

पुस्तकाचं नाव काँकॉर्ड आणि मेरिमॅक नद्यांवरचा एक आठवडा. दोन आठवड्यांचा एक आठवडा केला, आणि शनिवार ते शुक्रवार अशी सात प्रकरणं पाडली. जॉन पानोपानी आहे, आणि त्याचं नाव एकदाही येत नाही. ‘आम्ही’ वल्हवतो, ‘आम्ही’ तंबू ठोकतो. सुरुवातीला दोघे भाऊ निघाले एवढं सांगितलं आहे. पुढे हा ‘आम्ही’ कोण, ते वाचणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

या प्रवासात नाव वळणावळणाला थांबते आणि लेखक भलत्याच विषयावर बोलू लागतो. मासे, मैत्री, होमर, चर्च. सोमवारच्या प्रकरणात तर मनुस्मृती आणि भगवद्गीता येते. चार्ल्स विल्किन्सने १७८५ मध्ये गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, ते थोरोने वाचलं होतं. गीतेच्या उंचीचं पुस्तक पश्चिमेकडे क्वचितच सापडेल, असं तो मानतो. पण मान तुकवत नाही. अर्जुनाने लढावं याला कृष्णाने दिलेली कारणं त्याला पुरेशी वाटत नाहीत. अर्जुनाची खात्री पटली असेल, वाचकाची पटत नाही, असं त्याचं म्हणणं. हे लिहिणारा माणूस त्याच सुमाराला युद्धासाठी कर द्यायला नकार देऊन बसला होता, हे ध्यानात घेतलं की आक्षेप नीट कळतो.

प्रकाशक मिळेना. शेवटी बॉस्टनच्या जेम्स मन्रो कंपनीने छापलं, पण खर्च थोरोने सोसायचा या अटीवर. ३० मे १८४९ ला पुस्तक आलं. १४ जूनला मोठी बहीण हेलन क्षयाने गेली. समीक्षक जेम्स रसेल लॉवेल यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की बोलावलं होतं नदीच्या सहलीला आणि ऐकवलं प्रवचन. तक्रार अगदीच चुकीची नव्हती. पुस्तकात नदी जिथे आहे तिथे ते सुंदर आहे, आणि नदी बरेचदा नाही.

पुस्तक खपलं नाही. २८ ऑक्टोबर १८५३ ला प्रकाशकाने तळघरातली जागा मोकळी करायची म्हणून उरलेल्या प्रती गाडीत घालून लेखकाच्या घरी पाठवून दिल्या. हजार छापल्या होत्या. २१९ विकल्या गेल्या, ७५ भेट गेल्या, ७०६ परत आल्या. थोरोने त्या स्वतःच्या पाठीवरून दोन जिने चढवून माळ्यावर नेल्या आणि डायरीत हिशेब मांडला: आता आपल्याकडे सुमारे नऊशे ग्रंथ आहेत, आणि त्यातले सातशेच्या वर आपण स्वतः लिहिलेले. छपाईचे २९० डॉलर त्याने काही वर्षांत, जमीन मोजणीची कामं करून वगैरे, फेडले.

एक गोष्ट मात्र या अपयशाने घडली. नदीच्या पुस्तकाच्या शेवटी ‘वॉल्डन’ लवकरच येत असल्याची जाहिरात होती. पहिलंच पडल्यावर दुसरं कोण छापणार? ते पाच वर्षं लांबलं, आणि त्या पाच वर्षांत थोरोने ते पुन्हा पुन्हा लिहिलं. १८५४ मध्ये आलेलं, आज जग वाचतं ते ‘वॉल्डन’ या वाट पाहण्यातून तयार झालेलं आहे.

१८६१-६२ च्या हिवाळ्यात क्षयाने हेन्रीलाही गाठलं. अंथरुणाला खिळलेला असताना टिकनर अँड फील्ड्स या प्रकाशकांनी माळ्यावरच्या उरलेल्या प्रती विकत घेतल्या आणि नव्या मुखपृष्ठासह पुन्हा बाजारात आणल्या. ६ मे १८६२ च्या सकाळी बहीण सोफिया त्याच्या उशाशी बसून नदीच्या पुस्तकातला परतीच्या दिवसाचा भाग वाचून दाखवत होती. असं सांगतात, की ती नॅशुआ नदीच्या मुखाशी येऊ लागली तेव्हा पुढची ओळ यायच्या आत तो पुटपुटला, की आता नाव चांगली पळेल. थोड्याच वेळात तो गेला. वय चव्वेचाळीस.

काँकॉर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत थोरो कुटुंबाची जागा आहे. तिथे छोटे छोटे दगड आहेत, भावंडांच्या दगडांवर नुसतं पहिलं नाव. हेन्रीचा आहे, आणि त्याच आवारात जॉनचाही.